रिकाम्या पाटाचा नियम

सोमवार, २४ नोव्हेंबर

दिपे,

डॉक्टरने माझं तोंड बंद केलंय. तुला बरं वाटेल.

गळ्यात गाठी झाल्यात. घाबरू नको, तसल्या नाहीत. मोहरीएवढ्या आहेत, आवाज ताणून ताणून होतात म्हणे. हळदीला तो डीजे लावतात आणि मी बाई त्याच्यावर लग्नाचे धवले म्हणायला जाते. चार पोरं मिळून उचलतात त्या खोक्याशी एकट्या बाईचा गळा किती भांडणार. डॉक्टर म्हणाला, नाताळ होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचं पण नाही, त्याने जास्त बिघडतं. नाहीतर आवाज गेला समजा. गेला म्हणजे किती गेला, हे मी विचारणार, तर त्याने ओठावर बोट ठेवलं. मला गप्प करणारा पहिला माणूस हाच. तुझ्या बाबाची पण कधी छाती झाली नव्हती.

म्हणून लिहिते. मोबाईलवर एक अक्षर दाबावं तर शेजारचं उमटतं, ते मला जमत नाही. चौथीपर्यंत गेले होते, त्याचा आज उपयोग होतोय. चुका काढत बसू नको.

दिवाळीपासून तू बोलत नाहीस. मी फोन करते, माझा आवाज चढतो, तू फोन ठेवतेस. आता चढायला आवाजच नाही. तर सगळं वाच.

आधी त्या पत्त्यांचं बोलते, कारण ते डोक्यातून जात नाही. तू आलीस त्या दिवशी ओटीवर चार पत्ते मांडलेस, प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. एकावर अ, एकावर क, एकावर चार, एकावर सात. म्हणालीस, ज्याच्या एका बाजूला अ आहे त्याच्या मागे चारच असतो, हे खरं की खोटं बघायला कुठले पत्ते उलटशील? मी म्हटलं अ आणि चार. तू म्हणालीस चूक, अ आणि सात. मी म्हटलं, दिवे लावायचेत, फराळ राहिलाय, हे काय काढलंस. मग तू दुसरं विचारलंस. मांडवात बसायचं तर पायात चप्पल नको. एक माणूस मांडवात बसलाय, त्याचे पाय दिसत नाहीत. एक बाहेर उभा आहे. एकाच्या पायात चप्पल आहे, पण तो कुठे आहे माहीत नाही. एक अनवाणी आहे. कोणाला जाऊन बघशील? मी म्हटलं, मांडवातल्याचे पाय बघीन आणि चपलेवाला कुठे टेकलाय ते बघीन. अनवाणी माणूस कुठे का बसेना, माझं काय जातं.

तू हसलीस. आई, कोडं एकच होतं म्हणालीस. एकदा नापास झालीस, एकदा पास. माणूस डोक्यात जर-तरचे नियम लावून विचार करतो की चित्र उभं करून, यावर तुमच्या हैदराबादला शिकलेली माणसं भांडतात असं सांगितलंस. तुझ्या मॅडम नियमाच्या बाजूच्या. मला विचारशील तर पत्त्यांवर मला काही दिसलं नाही. दुसऱ्या वेळी चपलेवाला दिसला. चांगला खांबाला टेकून बसला होता, मोबाईल बघत. त्याचा राग पण आला.

इथवर ठीक होतं. मग तू लॅपटॉप उघडलास.

तीन वर्षं तू सुट्टीला आलीस की माझ्यामागे मोबाईल धरून मांडवामांडवात फिरलीस. मला वाटायचं पोरगी आईचे धवले जपून ठेवते. तू त्यांचे नियम केलेस. जर मांडवाचा खांब रोवला तर हा धवला. जर हळद दळायला घेतली तर तो. जर नवऱ्याकडचे उशिरा आले तर मधले दोन गाळायचे. खरं सांगते, मला गंमत वाटली. ते यंत्र मी म्हणणार तेच सांगत होतं. मी म्हटलं, यालाच हळदीला उभं करा आता, मी घरी झोपते.

आणि मग तू यादीत खाली गेलीस आणि तिथे लिहिलेलं होतं, जर नवरीला बाप नसेल तर बापाचा धवला सोडायचा.

मी असं करत नाही. तुझ्या आजीने मला असं शिकवलेलं नाही. लग्नात धवलारीण काय गाळते काय ठेवते यावर पुढे गावभर बोलणं होतं. मी गाळला असता तर कोणीतरी बोललं असतं. तू म्हणालीस, आई, करतेस, दर वेळी करतेस, ऐकवू का? मी झाकण आपटलं. काचेला तडा गेला तो मी पाहिला. तू सकाळी न जेवता गेलीस. आणि आठ दिवसांनी एका ओळीत कळवलंस की तू आणि कौस्तुभ हैदराबादलाच कोर्टात सही करून लग्न करणार.

धवलारणीची पोरगी आणि लग्न कागदावर.

तो नियम खोड. मग पुढचं बोलू.

रोशनीचं लग्न आलंय पुढच्या आठवड्यात, आपल्या आळीतल्याच. मी मुकी, म्हणून धाकट्या काकाची सून संजना उभी राहणार आहे. माझ्यामागे बसून बसून शिकली ती. बरं गाते. नाकात गाते, पण बरं.

तुझी, तूर्तास मुकी,
आई

बुधवार, ३ डिसेंबर

दिपे,

पत्र मिळालं असेल. उत्तर नाही. बरं.

काल कौस्तुभची आई आली होती विरारहून रिक्षा करून. आशालताबाई. मी अंगणात तांदूळ निवडत होते, वर बघते तर ही इस्त्रीची साडी नेसलेली बाई दारात. मी मुकी आहे हे तुम्ही लोकांनी तिला सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, येऊ का? मी मान हलवली. ती म्हणाली, रागावलात का? मी मान हलवली. तिला वाटलं रागावले. मग मी माळ्यावर चढून तुझी पहिलीतली पाटी काढली, लिहिलं, गळा बिघडला, बसा, चहा. बाईच्या जीवात जीव आला. नंतर गंमत अशी की तीही हळू आवाजात बोलायला लागली, जणू तिच्याही गळ्यात गाठी. वटारची फ्लॉसी केळी घेऊन येते ती मुकी बघून भाव वाढवते, ही तरी भली.

बाई चांगली आहे. आधीच सांगते. मला वाटलं होतं फ्लॅटातली आहे, बँकेत नोकरी केलेली, नाक वर असेल. तसं नाही. तिने सरळ विचारलं, कोर्टाचं लग्न आमच्यामुळे ठरलं का? आमच्याकडे भटजी लागतो, तुमच्याकडे धवलारीण लागते, त्यात मुलीची ओढाताण होतेय का? मी पाटीवर लिहिलं, भटजी येऊ दे, आमच्याकडे पण येतो, धवलारीण असली म्हणजे तो चावतो थोडाच. ती हसली. मग म्हणाली, धवला म्हणजे नक्की काय हो? आता हे पाटीवर कसं लिहायचं. लिहिलं, लग्नातलं गाणं, एकेका कामाला एकेक, बाई म्हणते, मांडव घालण्यापासून नवरी निघेपर्यंत. तिने वाचलं आणि म्हणाली, एवढं सगळं पाठ? मी लिहिलं, तुम्हाला तुमच्या बँकेतलं नव्हतं पाठ?

मग तिने जे सांगितलं ते मला तुझ्याकडून कळायला हवं होतं.

कौस्तुभने तिला समजावलंय म्हणे. तुझ्या त्या यंत्राला तू विचारलंस की माझ्या स्वतःच्या लग्नात आई काय करेल. त्याच्यात तुझ्या आजीचे दोन नियम आहेत, मीच सांगितलेले. एक, आपल्या आळीतली पोर धवल्याशिवाय निघत नाही. दोन, धवलारणीने स्वतःच्या लेकीला धवला म्हणायचा नाही, कारण आईचा गळा भरून येतो आणि धवला मधे तुटू नये. आणि आळीत धवलारीण मी एकटी. संजना आता कुठे उभी राहते आहे, तेव्हा ती तुझ्या यादीत नव्हती. दोन्ही नियम एकदम लागू झाले आणि यंत्र थांबलं. पुढे काहीच बोलेना.

आशालताबाई म्हणाली, "कौस्तुभ म्हणतो, आई, कॉम्प्युटर थांबला ते सोड, दिपिका पण तिथेच थांबली आहे. रडत होती."

मी चहा गाळत होते. गाळतच राहिले.

तू मला हे का नाही सांगितलंस? मला वाटलं तू रागाने कोर्टात चाललीस. तुला वाट सापडली नाही म्हणून चाललीस. आईला विचारायचं सोडून यंत्राला विचारलंस, आणि ते बिचारं माझ्याच दोन बोलण्यांत सापडलं.

यंत्राचं जाऊ दे. पण त्या तिसऱ्या नियमाचं, बापाच्या धवल्याचं, मी अजून म्हणते ते खोटं आहे. तू चुकीचं ऐकलंस. परवा रोशनीचं लग्न, तिला पण बाप नाही, हरेश्वर करोनात गेला. मी तिथे बसणार आहे. संजना माझ्यासारखंच म्हणते, शब्द न शब्द. ती बापाचा म्हणेल. मग मी तुला लिहीन आणि तू तो खोडशील.

आशालताबाईला केळफूल दिलं. सोलता येत नाही म्हणाली. शिकवलं, हाताच्या खुणांनी.

आई

रविवार, ७ डिसेंबर

दिपे,

खोडू नको.

सांगते. मला सरळ सांगता येतं, इकडून तिकडून सांगता येत नाही, तर ऐक.

लग्न दुपारचं होतं. मी पुढेच बसले, संजनाच्या बाजूला. तिला धीर म्हणून. माझं तोंड बंद, पण पाय ताल धरून होता. तू नेहमी म्हणतेस ना, आई, तू गात नसलीस तरी तुझा पाय गातो. संजनाने खांबाचा म्हटला. चांगला म्हटला. आईचा म्हटला, सगळ्या बाया डोळे पुसायला लागल्या. त्यानंतर बापाचा येतो. आणि संजना थेट मामाच्या धवल्यावर गेली.

संजना चुकली म्हणून मला धक्का बसला असं तुला वाटेल. ते नंतर. आधी मला माझा पाय दिसला. तो अडखळलाच नाही. संजनाबरोबर सरळ मामावर गेला, जशी काही मधे पायरी नव्हतीच. दर वेळी तिथूनच जात असल्यासारखा.

रोशनीने मुंडावळ्या बाजूला केल्या. म्हणाली, "वहिनी, माझ्या बाबाचा राहिला."

संजना म्हणाली, "ज्या नवरीला बाप नाय तिला तो नाय म्हनत गो. रीत हाय ती. कमळीकाकीला विचार."

सगळा मांडव माझ्याकडे बघायला लागला.

रोशनीची आजी मागे खुर्चीवर होती. ऐंशीच्या वर गेली म्हातारी, कान शाबूत आहेत. ती म्हणाली, "कोनाची रीत? हिची सासू तर बाप नसलेल्या पोरीला पहिला त्योच म्हनायची. पाट मांडून, वर नारल ठेवून. बाप मेला म्हनून पोर बिनबापाची झाली काय?"

मला तोंड उघडता आलं असतं. डॉक्टर काही मांडवात नव्हता. तुला खोटं लिहीत नाही, मी डॉक्टरला भिऊन गप्प बसले नाही. आठवत नव्हतं. बाप जिवंत असतो त्या नवरीचा धवला मला येतो, पण तुझी आजी पाटावर नारळ ठेवून जो वेगळा म्हणायची तो पहिल्या शब्दावरच थांबला. पाटी घरी राहिली होती. आणि असती तरी त्या गर्दीत कोण वाचणार होतं. भटजीने अंतरपाट धरला, अक्षता पडल्या, रोशनी हरेश्वरचं नाव न घेता गेली.

घरी येऊन मी मागे मागे जात बसले. तुझा बाबा गेल्यानंतरचं पहिलं लग्न कुठलं. शेजारच्या दीपालीचं. तिचाही बाप नव्हता. तेव्हा मी तो धवला सोडला, ते मला आता आठवतंय, कारण डोळ्यांपुढे तुझा बाबा आला आणि मी मामाच्या धवल्यावर उडी मारली. कोणी बोललं नाही. माझी अवस्था सगळ्यांना ठाऊक होती, कोण बोलणार. मग पुढच्या वेळी परत. मग परत. मग सोडते हेच मला कळेनासं झालं. मागे संजना बसलेली होती. तिने ते शिकून घेतलं. तिला काय ठाऊक हे कमळीचं रडू आहे. तिला वाटलं रीत आहे.

आणखी दहा वर्षांनी ती कोणाला तरी शिकवेल, बाप नसलेल्या नवरीला बापाचा धवला म्हणायचा नाही, पूर्वापार चालत आलंय.

तर तू लिहिलंस ते खरं. ते तू वाचलंस आणि मला दाखवलंस, मी तुझी काच फोडली. खोडू नको, पण त्याच्यापुढे लिही. हा नियम आजीचा नाही. हा कमळीने केला, नवरा शत्रुघ्न गेल्यावर, तिचं तिलाच न कळता. आणि पुढे जागा मोकळी ठेव. कधी संपला ते मी सांगते.

आई

रविवार, २१ डिसेंबर

दिपे,

तुझा मेसेज आला. किती दिवसांनी आणि केवढा. "आई, पाट कोणता ठेवशील?" एवढंच. मी तो फ्लॉसीला दाखवला, ती म्हणाली, बाय, ही काय केळी विकत घेते का, इतकं मोजून बोलायला. मी तिला चहा दिला. भाव कमी केला तिने.

पाट कोणता म्हणजे काय. बाबाचाच. फणसाचा, एका कोपऱ्याला जळका, तू लहानपणी त्याच्यावर पणती ठेवली होतीस म्हणून. सध्या त्याच्यावर तांदळाचा डबा आहे. मी तो डबा आजच खाली काढला. पाट घासला. जळका कोपरा राहू दिलाय.

तू विचारलंस म्हणजे तू येणार आहेस, असं मी धरून चालते. हा माझा तर आहे. चुकला असेल तर सांग.

आता ते यंत्र जिथे अडकलं तिथलं. आजीचा नियम, धवलारणीने आपल्या लेकीला धवला म्हणायचा नाही. भाजी चिरता चिरता एकदम डोक्यात आलं. दिपे, तुझ्या आजीला मुलगी होती का? तीन मुलगेच. लेकीच्या लग्नात गळा भरून येतो का, धवला तुटतो का, हे तिला कुठून ठाऊक? जिला लेक नव्हती तिने केलेला नियम मी इतकी वर्षं डोक्यावर घेऊन बसले. मला इतकं हसू आलं, आणि हसायला पण मनाई. पोट धरून मुकी हसत बसले, दारावरून जाणारा बघत राहिला.

तरी म्हातारीला पूर्ण खोटी पाडत नाही. तिचं अर्धं ऐकते. सगळे धवले संजना म्हणेल, मी तुझी आई म्हणून बसेन, हळद लावीन, रडायचं तेवढं रडेन. बापाचा मात्र मी म्हणणार. तुटला तर तुटला. मांडव पडत नाही त्याने.

हे तुझ्या मॅडमना नियमात बसवता येत असेल तर बसव. जर आजी बरोबर असेल तर, आणि अर्धीच बरोबर असेल तर. कसं लिहितात ते तुला ठाऊक.

पण धवला तर आठवायला हवा. म्हणून मी रोशनीच्या आजीकडे गेले, पाटी घेऊन. पाटीवर स्वच्छ लिहिलं, तो धवला मला सांगा. म्हातारीने पाटी उलटी धरली, सुलटी धरली, आणि मला परत दिली. तिला वाचता येत नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही. मी मुकी, ती अडाणी. दोघी एकमेकींकडे बघत बसलो. मग मी तिच्या ओटीवरचा पाट ओढला, समोर मांडला, आणि परड्यातून नारळ आणून वर ठेवला.

म्हातारीने नारळ पाटाच्या मधोमध सारला. मग म्हणाली, "उशिराच आलीस गो, बाय." आणि म्हणायला लागली. आवाज कसला, फुटक्या मडक्यातून वारा जातो तसा. पण शब्द सगळे होते.

वाट नाय त्या गावाला, होडी नाय खाडीला,
बाबा आयला गो भरतीच्या पान्यावर, पाटावर बैसला.

पुढे नाव घ्यायचं असतं. म्हातारीने हरेश्वरचं घेतलं. स्वतःच्या मुलाचं. तिचा गळा तुटला नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि गळा सरळ चालला होता. मी बघतच राहिले, हे एकाच वेळी होतं. मला वाटायचं एक आलं की दुसरं थांबतं.

तिच्याकडून तीन वेळा म्हणवून घेतलं. चौथ्यांदा ती म्हणाली, आता जा, मना भूक लागली.

आशालताबाई भटजींना विचारून आली. फेब्रुवारीतले दोन मुहूर्त आहेत. तिने विचारलं, पाट मांडायचा तो कुठल्या बाजूला, म्हणजे आमच्या लोकांना तशा खुर्च्या लावता येतील. मी पाटीवर मांडवच काढून दाखवला. खांब, नवरी, आई, पाट. तिने पाटाच्या चौकटीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, कौस्तुभचे बाबा त्यांच्या शेजारी बसले तर चालेल का, एकटे वाटायला नको.

दिपे, मी तुला म्हटलं होतं बाई चांगली आहे.

आई

गुरुवार, १ जानेवारी

दिपे,

डॉक्टरने नळी घालून बघितलं. गाठी बसल्यात. म्हणाला बोला, पण थोडं. गायचं पाटीवर विचारलं तर म्हणाला रोज थोडंसं, हळू, आणि डीजेवर पुन्हा कधी नाही. मी म्हटलं, तुमच्याकडे हळदीला डीजे असतो का? हा माझा पहिला शब्द. त्याला आवडला नाही.

रोशनी माहेरी आली होती काल. तिच्या ओटीवर गेले, संजनाला बरोबर घेतलं. पाट मांडला, नारळ ठेवला. रोशनीला समोर बसवलं. नवऱ्याला पण बसवलं, तो मोबाईल बघत होता, पायात चप्पल होती, ती आधी काढायला लावली. मग म्हटला. गळा जड चालला, घासला मधे मधे, पण शेवटपर्यंत गेला. हरेश्वरचं नाव घेतलं तेव्हा रोशनीने आजीचा हात धरला. संजनाने सगळं मोबाईलवर घेतलंय, शिकायला. तुला पण पाठवेल. तिला मी सांगितलं, इतकी वर्षं हा मी गाळत होते, ती रीत नव्हती, तू आता गाळू नको. ती म्हणाली, काकी, मग आधी सांगायचा ना. मी म्हटलं, आधी मलाच कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या पोरीने सांगितलं, तर मी तिची काच फोडली.

त्या नियमापुढे मोकळी जागा ठेवली असशील तर तिथे कालची तारीख घाल. नाही, थांब. अजून घालू नको.

काल ते हरेश्वरचं नाव होतं. दुसऱ्या बाईच्या नवऱ्याचं नाव घेताना माझा गळा टिकला, त्यात काय मोठंसं. आपल्या घरचं नाव अजून तोंडातून काढलेलं नाही. आज सकाळी न्हाणीत एकटी असताना करून बघितलं. पाटावर बैसला इथपर्यंत येते. पुढे शत्रुघ्न म्हणायला जाते आणि तोंड मिटतं. फेब्रुवारीत शंभर माणसांसमोर पहिल्यांदा म्हणण्यापेक्षा आधी एकदा तुझ्यासमोर झालेलं बरं.

तर असं कर. हे पत्र मिळेल त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन कर, नळाला पाणी येण्याच्या आधी. मी उचलीन. कशी आहेस, जेवलीस का, काही विचारणार नाही. तू पण बोलू नको. पाट समोर मांडलेला असेल, मी सरळ सुरू करीन.

मधे तुटलं तर फोन ठेवू नको.

आई